वारसा, नक्कल आणि नवेपणा : ग्लासह्युट्टे गावातली दोन घड्याळं

आजचा विषय घड्याळांचा आहे, पण वेळेचा नाही. वेळ आता मोबाइल सांगतो, आणि तो सांगतो ती वेळ कुठल्याही चावीच्या घड्याळापेक्षा अचूक असते. तरीही चावीची घड्याळं आजही बनतात, विकली जातात, आणि त्यांच्या किमती ऐकल्या की आपण एकदा खात्री करून घेतो की ऐकण्यात काही चूक तर झाली नाही ना.

अशा एखाद्या दुकानाच्या काचेसमोर उभं राहिलं, की एक गोष्ट लगेच लक्षात येते. समोर मांडलेली घड्याळं नवी कोरी असतात, पण त्यातली बरीचशी 1950 किंवा 1960च्या दशकातली वाटतात. ओमेगा, लाँजीन, ओरिस, ट्युडर, सेइको, कोणाचंही नाव घ्या. प्रत्येकाच्या यादीत साठ वर्षांपूर्वीच्या रूपाचं एखादं तरी मॉडेल आहेच. कंपन्या याला ‘हेरिटेज’ म्हणतात. टीकाकार म्हणतात, यांच्या कल्पना संपल्या. चाहते म्हणतात, जुनं ते सोनं. हा वाद गेली पंधरा-वीस वर्षं चालू आहे, आणि आमच्या मते तो चुकीच्या जागी अडकलेला आहे. एखादं रूप जुनं आहे की नवं, एवढ्यावरून फारसं काही ठरत नाही. भूतकाळातून नेमकं काय उचललं आणि ते कशासाठी उचललं, हे पाहावं लागतं. ते पाहायला जर्मनीतलं एक लहानसं गाव फार उपयोगाचं आहे. पण तिथे जाण्याआधी मधली एक पडझड समजून घ्यावी लागेल, कारण ‘वारसा’ हा शब्द या धंद्यात त्या पडझडीनंतरच एवढा मोठा झाला.

25 डिसेंबर 1969. टोकियोत सेइको कंपनीने ‘अ‍ॅस्ट्रॉन’ नावाचं मनगटी घड्याळ विक्रीला आणलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे त्या काळी जपानमध्ये एक छोटी मोटार येईल एवढी. आत चावी नव्हती. बॅटरी होती आणि क्वार्ट्‌झचा स्फटिक होता. चांगलं यांत्रिक घड्याळ दिवसाला काही सेकंद इकडेतिकडे व्हायचं, हे महिन्याला काही सेकंद. पुढच्या दहा वर्षांत क्वार्ट्‌झ घड्याळाची किंमत मोटारीवरून जेवणाच्या बिलापर्यंत खाली आली. स्वित्झर्लंडमध्ये 1970च्या सुमारास घड्याळ उद्योगात जवळपास 90 हजार माणसं काम करत होती. 1980च्या दशकाच्या मध्यापर्यंत ती 30 हजारांच्या थोडी वर राहिली. गावंच्या गावं रिकामी झाली. यंत्रं भंगारात गेली. 1975 मध्ये झेनिथ कंपनीच्या अमेरिकन मालकांनी यांत्रिक घड्याळं बनवणं बंद करायचा हुकूम काढला, तेव्हा ल लोक्ल गावातल्या कारखान्यातल्या शार्ल व्हर्मो नावाच्या कामगाराने ‘एल प्रिमेरो’ या मशीनची हत्यारं, साचे आणि कागदपत्रं माळ्यावर नेऊन लपवली. हुकमाविरुद्ध. पुढे 1980च्या दशकात ती खाली आणली गेली, आणि 1988 पासून रोलेक्सच्या ‘डेटोना’ या मॉडेलमध्ये त्याच मशीनची सुधारित आवृत्ती बसू लागली. या क्षेत्रात ‘वारसा जपला’ असं कोणाबद्दल मनापासून म्हणावंसं वाटत असेल, तर ते या माणसाबद्दल. त्याने आकार वाचवला नाही, रंग वाचवला नाही. पुन्हा काहीतरी बनवता येईल अशी सामग्री वाचवली.

व्हर्मो हत्यारं लपवत होता, त्याच सुमारास दुसरीकडे भूतकाळ ही विकायची गोष्ट आहे असा शोध लागत होता. त्यातल्या एका गोष्टीचा आपल्या देशाशी संबंध आहे.

1930च्या सुमारास सेझार द त्रे नावाचा स्विस व्यापारी हिंदुस्थानात आला होता. इथले इंग्रज अधिकारी पोलो खेळायचे आणि खेळताना त्यांच्या घड्याळाच्या काचा फुटायच्या. काच वाचेल असं काही करता येईल का, असं त्याला विचारण्यात आलं. त्यातून ‘रिव्हर्सो’ हे घड्याळ निघालं. चौकटीत सरकून उलटं होणारं. काच आत, पोलादी पाठ बाहेर. रने-आल्फ्रेद शोव्हो या अभियंत्याने त्याची रचना केली आणि 4 मार्च 1931 रोजी पॅरिसमध्ये पेटंटचा अर्ज दाखल झाला. या घड्याळाकडे नीट पाहिलं तर त्याची बहुतेक रेघ काही ना काही काम करताना दिसते. चौकोनी आकार आहे कारण गोल वस्तू रुळावरून अशी सरकत नाही. महायुद्धानंतर त्याची मागणी आटली. ना तसे साहेब राहिले ना तसा पोलो, आणि न फुटणाऱ्या काचाही आल्या. मग 1972 मध्ये जेगर-लकूल्त्र कंपनीचा इटलीतला विक्रेता जॉर्जो कोर्व्हो कारखान्यात आला असताना त्याला रिव्हर्सोच्या सुमारे 200 रिकाम्या केस पडून असलेल्या दिसल्या. त्याने त्या विकत घेतल्या, आत मशीन बसवली आणि इटलीत विकायला ठेवल्या. हा हा म्हणता सगळ्या खपल्या. त्या इटालियन गिऱ्हाइकांपैकी कोणी पोलो खेळत होतं असं समजायचं कारण नाही. इथे पहिल्यांदा एक गोष्ट स्पष्ट झाली : घड्याळाचं मूळ काम संपलं तरी त्याचं रूप विकता येतं. किंबहुना काम संपल्यावर ते जास्त चांगलं विकता येतं.

यापुढची पायरी आणखी मजेची आहे. रूप नसलं तरी चालतं, नाव पुरतं. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ज्याँ-क्लोद बिव्हेर आणि झाक पिगे या दोघांनी ‘ब्लाँपँ’ हे बंद पडलेलं नाव विकत घेतलं. त्याची किंमत 22 हजार स्विस फ्रँक होती असं नेहमी सांगितलं जातं. जाहिरात अशी, की 1735 पासून आम्ही कधी क्वार्ट्‌झ घड्याळ बनवलेलं नाही आणि बनवणारही नाही. पहिला भाग तसा खरा होता. क्वार्ट्‌झच्या लाटेत कंपनी निद्रिस्त होती, तेव्हा ती क्वार्ट्‌झ बनवणार तरी कशी? 1992 मध्ये हीच कंपनी मशीन बनवणाऱ्या जोड-कंपनीसकट सुमारे 6 कोटी फ्रँकला विकली गेली. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं ‘फेवर-ल्यूबा’ हे नावही असंच फिरलं. मूळ 1737 चं स्विस घराणं, मुंबईत एकोणिसाव्या शतकापासून व्यापार, आणि 2011 मध्ये ते नाव टाटांच्या टायटनने घेतलं. आता ते एथॉस गटाकडे आहे. नाव विकणं यात पाप काही नाही. पण नावाबरोबर हात, हत्यारं आणि सवयी येतातच असं धरून चालता येत नाही, एवढं लक्षात ठेवू आणि जर्मनीत जाऊ.

ग्लासह्युट्टे. सॅक्सनीतलं, ड्रेस्डेनच्या दक्षिणेला डोंगरात वसलेलं गाव. जवळच्या खाणी आटल्या, लोक गरिबीला लागले, तेव्हा 1845 मध्ये फर्डिनांड अडोल्फ लांगे हा घड्याळजी सरकारी कर्ज घेऊन तिथे गेला आणि 15 पोरांना शिकाऊ म्हणून हाताशी धरून काम सुरू केलं. त्याने नुसतं दुकान काढलं नाही, गावाला धंदा दिला. त्याचे शिष्य पुढे स्वतःचे कारखाने काढते झाले. खिशातली घड्याळं ही त्यांची खासियत. 8 मे 1945 रोजी, युरोपातलं युद्ध संपलं त्याच दिवशी, सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात लांगेंची मुख्य इमारत कोसळली. 1948 मध्ये नव्या राजवटीने कंपनी ताब्यात घेतली आणि संस्थापकाचा पणतू वाल्टर लांगे पश्चिमेकडे पळून गेला. 1951 मध्ये गावातले सगळे कारखाने एका सरकारी संस्थेत विलीन झाले. लांगे हे नाव तबकडीवरून गेलं. चाळीस वर्षं.

नोव्हेंबर 1989 मध्ये बर्लिनची भिंत पडली. पुढच्या एका वर्षात या छोट्या गावात दोन कंपन्या जन्माला आल्या.

पहिली नोमोस. रोलांड श्वेर्टनर हा पश्चिम जर्मनीतला माणूस. घड्याळजी नाही, घड्याळजींच्या घराण्यातला नाही. भिंत पडल्यावर दोन-अडीच महिन्यांत, जानेवारी 1990 मध्ये, त्याने कंपनी नोंदवली. दुसरी लांगे. 7 डिसेंबर 1990 रोजी, म्हणजे पणजोबांनी सुरुवात केली त्याला बरोब्बर 145 वर्षं झाली त्या दिवशी, 66 वर्षांच्या वाल्टर लांगेने कंपनी पुन्हा नोंदवली. पाठीशी गुंटर ब्ल्यूमलाइन हा कसलेला व्यवस्थापक आणि त्याच्या ताब्यातल्या स्विस कंपन्यांचं पाठबळ होतं.

आता आपण या दोघांच्या जागी उभे राहून विचार करू. एकाकडे वारसाच वारसा : नाव, वंशज, जुनी खिशातली घड्याळं, लिलावात त्यांना मिळणारा भाव. दुसऱ्याकडे काहीच नाही. आपण सहज म्हणू, पहिला जुन्या रूपाची घड्याळं काढेल आणि दुसऱ्याला काहीतरी नवं शोधावं लागेल. झालं नेमकं उलटं.

नोमोसने 1992 मध्ये ‘टँजेंट’ हे घड्याळ आणलं. रचनाकार सुझान ग्युंटर. पांढरी तबकडी, बारीक निळे काटे, एक आकडा एक रेघ असा क्रम, सहाच्या जागी सेकंदाचा छोटा काटा, कोन करून खाली वळलेले पट्ट्याचे पाय. जगभर ते आधुनिक, स्वच्छ, ‘बाउहाउस’ म्हणून नावाजलं गेलं. पण ही तबकडी 1930च्या दशकातली आहे. फोर्झहाइम या गावात वेबर अँड बारल नावाचे तबकड्या बनवणारे होते. तशी तबकडी तेव्हा अनेक कंपन्यांच्या घड्याळांत बसली. स्टोवा कंपनीने ती वापरली. आणि युद्धापूर्वीच्या लांगेनेही वापरली! म्हणजे लांगेच्या जुन्या ठेवणीतलं रूप नोमोसने उचललं, आणि जगाने त्याला नवं म्हटलं. स्टोवा आजही ‘अँटेया’ नावाने जवळपास तेच घड्याळ विकते. दोन्ही शेजारी ठेवली तर लांबून ओळखणं कठीण जातं.

मग मूळ कोणाचं? इथे ‘अस्सल’ या शब्दाची थोडी पंचाईत होते. मूळ म्हणावं ते बाहेरून विकत घेतलेल्या मालाचं होतं. आज एकाच्या घड्याळात, उद्या दुसऱ्याच्या. शिवाय बाउहाउस ही शाळा 1933 मध्येच बंद पडली होती. ही तबकडी लोकप्रिय झाली ती त्यानंतर. नोमोस हे नावसुद्धा सेकंडहँड आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच गावात याच नावाची एक कंपनी होती. ती स्विस घड्याळं आणून ग्लासह्युट्टेची म्हणून विकायची, आणि लांगेंनी तिला कोर्टात खेचलं होतं. असा वारसा कोणी मुद्दाम सांगत नाही.

लांगेने मात्र चार वर्षं काही दाखवलं नाही. 24 ऑक्टोबर 1994 रोजी ड्रेस्डेनच्या राजवाड्यात चार घड्याळं मांडली. (जाहिरातींत या घड्याळांची तारीख 25 दाखवतात, कारण वर्तमानपत्रांत फोटो दुसऱ्या दिवशी छापून येणार होते. ही सवय कंपनीने अजून सोडलेली नाही.) त्यातलं ‘लांगे वन’ पाहून लोक बुचकळ्यात पडले. तास-मिनिटांची तबकडी मधोमध नाही, डावीकडे सरकवलेली. उजवीकडे वर मोठ्या दोन चौकटींत तारीख, त्याखाली चावी किती उरली ते दाखवणारा काटा, त्याखाली सेकंद. एकही गोष्ट दुसरीवर चढलेली नाही. असं घड्याळ लांगे घराण्याने पूर्वी कधीच केलं नव्हतं. मनगटी घड्याळंच त्यांनी फार थोडी केली होती; नक्कल करायची म्हटलं तरी समोर नमुना नव्हता.

पण ती दोन चौकटींतली तारीख पाहा. ड्रेस्डेनच्या सेम्पर ऑपेरात रंगमंचाच्या वर एक घड्याळ आहे. काटे नाहीत, एका खिडकीत रोमन आकड्यात तास, दुसरीत पाच-पाच मिनिटांच्या टप्प्याने मिनिटं. मागच्या रांगेतल्या माणसालाही वाचता यावं म्हणून. मूळ घड्याळ 1841च्या सुमारास गुटकेस या दरबारी घड्याळजीने बनवलं, आणि फर्डिनांड अडोल्फ लांगे हा त्याच गुटकेसचा शिष्य आणि पुढे जावई. ‘लांगे वन’च्या कर्त्यांनी त्या घड्याळाचं चित्र तबकडीवर काढलं नाही. ‘दुरून वाचता आलं पाहिजे’ हा त्यामागचा प्रश्न उचलला, आणि 38.5 मिलिमीटरच्या केसमध्ये तो कसा सोडवायचा याची नवी यंत्रणा बसवली : दशकाच्या आकड्यासाठी एक फुलीसारखी तबकडी, एककासाठी दुसरी गोल. घड्याळ उलटं केलं की मागच्या काचेतून तीन-चतुर्थांश पट्टी, सोन्याच्या कड्यांत बसवलेले दगड आणि हाताने कोरलेला बॅलन्स-कॉक दिसतो. या मात्र जुन्या लांगेच्या सवयी, जशाच्या तशा. पुढून सगळं नवं, मागून जुनं.

आम्हाला या जोडीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे : ज्याच्याकडे वारसा होता त्याला रूपाची गरज पडली नाही; ज्याच्याकडे नव्हता त्याला पडली. आणि दोघांपैकी कोणीही फसवलं नाही. नोमोसबद्दल कोणी ‘नक्कल’ म्हणतं तेव्हा पुढचं सांगायला हवं. सुरुवातीला ते बाहेरून घेतलेलं स्विस मशीन बसवत. 2005 पासून स्वतःची मशीन बनवू लागले, आणि 2014 मध्ये स्वतःचं एस्केपमेंट, म्हणजे घड्याळाच्या टिकटिकीचा गाभा, बाजारात आणलं. ही गोष्ट आजही जगात मोजक्या कंपन्या करू शकतात. म्हणजे उसनी तबकडी घेऊन ज्याने दुकान मांडलं, त्याने मिळालेला पैसा आणि वेळ आतल्या कामात घातला. तोंड जुनं, आतलं नवं.

हाच प्रकार इंग्लंडमध्ये जॉर्ज डॅनियल्सने केला होता. त्याची घड्याळं बघाल तर ती अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमधल्या ब्रेगेने केलेली वाटतील. पण 1970च्या दशकात त्याने ‘को-अ‍ॅक्सिअल’ हे एस्केपमेंट शोधलं. थॉमस मजच्या अठराव्या शतकातल्या लिव्हर एस्केपमेंटवर जग दोन शतकं चालत होतं. कारखान्यात मोठ्या प्रमाणावर बनवता येईल असा पर्याय त्यानंतर हा. स्विस कंपन्यांनी डॅनियल्सला वर्षानुवर्षं दारातून परत पाठवलं. ओमेगाने ते 1999 मध्ये घेतलं. शेवटी या दोघांचं नवेपण आतच राहिलं. फोटोत ते दिसत नाही, त्यामुळे त्यावर वादही फारसा होत नाही.

आता उलट बाजूला जाऊ. समजा एखाद्या कंपनीने खरोखरच धाडस करून पूर्णपणे नवं रूप काढलं. मग काय होतं?

1972 मध्ये ओडमार पिगे कंपनीने ‘रॉयल ओक’ बाजारात आणलं. रचनाकार जेराल्ड जेंता. पोलादाचं घड्याळ, काचेभोवती अष्टकोनी कडी, तिच्यावर आठ स्क्रू उघडे दिसणारे, पाणबुड्याच्या शिरस्त्राणासारखे. व्यास 39 मिलिमीटर, त्या काळी थोराड. आणि किंमत 3,300 फ्रँक, म्हणजे सोन्याच्या पुष्कळ घड्याळांपेक्षा जास्त. हे पोलाद आहे आणि आम्ही ते सोन्याच्या भावाने विकणार, असं सांगायला छाती लागते, तीसुद्धा क्वार्ट्‌झच्या ऐन लाटेत. सुरुवातीला खप मंद होता. पुढे त्याने कंपनी तारली. जेंताने 1976 मध्ये पाटेक फिलिपसाठी ‘नॉटिलस’ केलं, ते त्याचंच भावंड.

आणि मग हे धाडस त्यांच्या गळ्यात बसलं. ओडमार पिगेच्या विक्रीचा मोठा वाटा गेली कित्येक वर्षं रॉयल ओक आणि त्याच्या नातेवाइकांचा आहे. 2019 मध्ये कंपनीने ‘कोड 11.59’ ही अगदी वेगळी मालिका आणली, तेव्हा चाहत्यांनीच तिची जी रेवडी उडवली ती पाहण्यासारखी होती. तुमच्याकडून आम्हाला हे अपेक्षित नव्हतं, असा सूर. ज्या कंपनीचा लौकिक लोकांना न रुचणारं काहीतरी करण्यावर उभा राहिला, तिलाच लोक म्हणत होते की न रुचणारं काही करू नका. 2022 मध्ये रॉयल ओकला पन्नास वर्षं झाली, तेव्हा मूळ मॉडेलची नवी आवृत्ती आली. आत नवीन मशीन, बाहेरून फरक शोधायला भिंग लागेल. पाटेकच्या थिएरी स्टर्न यांनी ओळखलं की एकच पोलादी घड्याळ सगळी कंपनी गिळतंय, आणि 2021 मध्ये ‘नॉटिलस 5711’ बंद केलं. परिणाम? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याची निळसर तबकडीची एक प्रत न्यूयॉर्कच्या लिलावात 65 लाख डॉलरना गेली. 2024 मध्ये पाटेकने ‘क्युबिटस’ ही नवी मालिका आणली. ती चौकोनी आहे, आणि पाहणारा पहिलं वाक्य बोलतो ते म्हणजे, ‘अरे, हे तर चौकोनी नॉटिलस!’

म्हणजे आजचा वारसा हा कालचा आगाऊपणा असतो. पण गिऱ्हाइकाला आगाऊपणाचं फळ हवं असतं, आगाऊपणा नको असतो. कंपन्यांना दोष देताना आपण हे विसरतो. दुकानातली ती जुन्या रूपाची रांग आपणच मागून घेतलेली आहे.

आता त्या रांगेकडे परत वळू. 2017 मध्ये ओमेगाने 1957 सालच्या आपल्या तीन घड्याळांच्या प्रतिकृती काढल्या, प्रत्येकी 3,557. संग्रहातली मूळ घड्याळं स्कॅन करून त्यांवरून मापं घेतली. काम फार निगुतीने केलेलं आहे, यात शंका नाही. पण काटे आणि खुणांवरचा चमकणारा लेप पिवळसर तपकिरी आहे. 1957 मध्ये कारखान्यातून निघालेलं घड्याळ असं दिसत नव्हतं. साठ वर्षं वापरलेलं घड्याळ असं दिसतं. म्हणजे ही प्रतिकृती घड्याळाची नाही, त्याच्या म्हातारपणाची आहे. शिष्याने गुरूची गायकी घ्यावी तर तो गुरूचा खोकला घेऊन आला, असं आपल्याकडे म्हणतात, त्यातला प्रकार.

हा रंग आला कुठून ते सांगायला हवं. आपल्याकडे अंधारात चमकणाऱ्या कुठल्याही गोष्टीला अजून ‘रेडियम’ म्हणतात. गाडीच्या नंबरप्लेटवर स्टिकर लावणाऱ्याच्या टपरीवरही ‘रेडियम’च लिहिलेलं असतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घड्याळाच्या काट्यांवर खरोखरीचं रेडियम असायचं. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावात आणि इतरत्र तरुण मुली ते रंगवायच्या. ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायला त्यांना शिकवलं होतं. त्यांच्या जबड्याची हाडं सडली, कित्येक जणी मेल्या. 1928 मध्ये पाच जणींचा खटला तडजोडीने मिटला. पुढे रेडियम जाऊन ट्रिशियम आलं, त्याचं अर्धं तेज बारा वर्षांत जातं. 1993 मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने किरणोत्सर्ग नसलेला लेप शोधला आणि तो प्रश्न मिटला. हा लेप किरणोत्सर्गाने जळून तपकिरी होत नाही. जुना लेप व्हायचा, कारण रेडियम त्याच्यातलं चमकणारं द्रव्य आतून जाळत असे. आज तोच जळका रंग नव्या, निरुपद्रवी लेपात मुद्दाम मिसळतात. उत्पादकाच्या यादीत त्या छटेचं नावच ‘ओल्ड रेडियम’ आहे.

यापेक्षा आम्हाला ट्युडरचं ‘ब्लॅक बे’ बरं वाटतं, आणि हे थोडं विचित्र वाटेल. 2012 मध्ये आलेलं हे घड्याळ कशाचीच प्रतिकृती नाही. मोठी चावी 1958च्या मॉडेलची, चौकोनी टोकाचे काटे 1969च्या सुमारचे. असं घड्याळ भूतकाळात कधी नव्हतंच. शुद्धतावादी याला भेसळ म्हणतील. पण त्यात कोणीतरी बसून निवड केली आहे : हे घेतलं, ते टाकलं. स्कॅनर निवड करत नाही.

शेवटी मुंबईत येऊ, कारण या विषयात मुंबईचं नाव जगभर घेतलं जातं, आणि चांगल्या अर्थाने नाही. इंटरनेटवर जुनी घड्याळं जमवणाऱ्यांमध्ये ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द आहे. जुनं एचएमटी किंवा फेवर-ल्यूबा, आत सतरा ज्युएलचं मशीन, आणि तबकडी नव्याने रंगवलेली : झगझगीत लाल, निळी, हिरवी, वर कधी भलत्याच कंपनीचं नाव. जुनं, दुर्मीळ म्हणून परदेशी गिऱ्हाइकाला विकलेलं. संग्राहक त्याला शिवी देतात, आणि खोटं सांगून विकलं असेल तर ती शिवी योग्यच आहे.

पण तबकडी रंगवणं ही लबाडी म्हणून सुरू झालेली कला नाही. बंगळूरमध्ये 1961 पासून सिटिझनच्या मदतीने बनलेली एचएमटीची घड्याळं रोज वापरायची होती. पावसाळ्याच्या दमटपणात तबकडीवर डाग पडत, आकडे उडत. घड्याळ लग्नात मिळालेलं असे, वडिलांचं असे, ते कपाटात ठेवायचं नसे. मग घड्याळजी तबकडी रंगवायला पाठवून द्यायचा, ती नवी होऊन यायची, आणि घड्याळ आणखी दहा वर्षं चालायचं. डाग जपून ठेवावेत हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करायचा निर्णय घेतला, आणि त्यानंतर डाग पडलेल्या, न रंगवलेल्या तबकड्यांना भाव आला.

तेव्हा एकीकडे हा रंगारी, जो जुनं घड्याळ नवं दिसावं म्हणून रंग लावतो, आणि दुसरीकडे स्वित्झर्लंडमधला तो कारखाना, जो नवं घड्याळ जुनं दिसावं म्हणून रंग लावतो. रंगाऱ्याला काही शे रुपये मिळतात आणि वर शिवी. कारखान्याच्या घड्याळाला क्रमांक आणि प्रमाणपत्र असतं. इथे थांबू, आणि आता प्रश्न घेऊ या.